नखांचे आरोग्य: मूळ, अन्न आणि पाणी

नखांच्या बळकटीचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात कडकपणाच येतो, आणि या विषयातील गैरसमजांची सुरुवातही तेथूनच होते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नखांच्या गुणांची एक यादी आलेली आहे; तिचा संदर्भ प्रणयाचा असला तरी तिच्यामागचे निरीक्षण त्वचारोगतज्ज्ञाला शोभावे इतके नेमके आहे. नखावरील रेषा सलग असाव्यात, पृष्ठभाग समतल असावा, नख तेजस्वी, निर्मळ, न चिरलेले, वाढते, मऊ आणि दिसायला स्निग्ध असावे, असे आठ गुण तेथे सांगितले असून त्यांत काठिण्याचा उल्लेख नाही, मऊपणाला मात्र स्थान आहे. त्याच प्रकरणात प्रदेशपरत्वे नखांची तीन गटांत विभागणीही केलेली आढळते: गौड देशीच्या लोकांची नखे लांब व हाताला शोभा आणणारी, दाक्षिणात्यांची आखूड परंतु काम सोसणारी, आणि महाराष्ट्रातील लोकांची मध्यम, म्हणजे दोहोंचे गुण थोडेथोडे बाळगणारी. या विभागणीला शास्त्राधार शोधण्याचे कारण नाही; पण लांब नख आणि कष्टाचे काम यांचे एकमेकांशी जमत नाही, हे ग्रंथकाराच्या पक्के ध्यानात होते असे त्यावरून दिसते.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, नखाचे बळ त्याच्या मुळाशी, त्वचेच्या आड घडते आणि नख एकदा बाहेर आले की ते बळ वाढवता येत नाही, फक्त राखता येते. आपल्या समाजात ते घडण्याच्या आड प्रामुख्याने रक्तातील लोहाची कमतरता येते आणि ते राखण्याच्या आड पाण्यातले काम येते. बाजारात मात्र या दोहोंना वगळून तिसऱ्याच गोष्टींच्या बाटल्या विकल्या जातात.

नख म्हणून जो भाग डोळ्यांना दिसतो ती नखपट्टिका होय. तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि ती पूर्णपणे निर्जीव पेशींची बनलेली असते. या पेशी ज्या ऊतीतून जन्म घेतात तिला वैद्यकात मॅट्रिक्स म्हणतात. येथे तिला नखमूळ म्हटले आहे. नखाच्या बुडाशी असलेल्या कातडीच्या घडीखाली ती दडलेली असते, आणि अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जो फिकट अर्धचंद्र दिसतो तो या नखमुळाचाच बाहेर डोकावणारा भाग असतो. नखमुळातील पेशी सतत विभागत राहतात, पुढे ढकलल्या जाताना चपट्या होतात, त्यांच्यातील केंद्रक नाहीसे होते आणि त्या केराटिन या प्रथिनाने भरून जातात. केस, शिंगे आणि खूर हेही याच जातीच्या प्रथिनाचे बनलेले असतात. या केराटिनमध्ये सिस्टीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, भरपूर असते. शेजारशेजारच्या साखळ्यांतील गंधकाचे अणू एकमेकांना जोडले जातात आणि या जोडण्यांमुळेच नखाला ताठपणा येतो. पट्टिकेचे तीन थर असून मधल्या जाड थरातील तंतू नखाच्या रुंदीला समांतर, आडवे बसलेले असतात. त्यामुळे नख फाटले तर बहुधा आडवे फाटते आणि चीर मुळापर्यंत जात नाही, ही निसर्गाने केलेली मोठीच सोय म्हटली पाहिजे.

कॅल्शियम कमी पडले म्हणून नखे तुटतात, ही समजूत घरोघरी आढळते. नखाच्या वजनात कॅल्शियमचा वाटा हजारात एक-दोन भागांपेक्षा जास्त नसतो आणि नखाच्या ताठपणाशी त्याचा फारसा संबंध नसतो. आयुर्वेदाने केस आणि नखे ही अस्थिधातूची मले मानली, म्हणजे हाड घडताना उरणारा अंश त्यांच्या रूपाने बाहेर येतो असे मानले. त्या व्यवस्थेत नखाचे नाते हाडाशी जुळणे स्वाभाविक होते. मात्र आजच्या कॅल्शियमच्या गोळीला त्या विचाराचा आधार देणे बरोबर होणार नाही. नखांवर मध्येच उमटणारे पांढरे ठिपकेदेखील कॅल्शियमच्या अभावाचे नसतात. नखमुळाला नकळत बसलेल्या बारीकसारीक माराची ती खूण असते आणि नखाबरोबर पुढे सरकत ती आपोआप निघून जाते.

नख वाढते किती वेगाने, हा प्रश्न या विषयात मध्यवर्ती आहे, कारण कोणताही उपाय लागू पडला की नाही हे ठरवण्याची मुदत त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने केलेला अभ्यास अमेरिकेतील वैद्य विल्यम बीन यांचा आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर, बुडाच्या कातडीलगत, एक आडवी खूण कोरत आणि ती टोकाला पोहोचेपर्यंत किती दिवस लागतात याची नोंद ठेवत. हा क्रम त्यांनी ३५ वर्षे चालवला आणि १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ६७ व्या वर्षी हा वेग ०.०९५ मिलिमीटरवर आला होता. सर्वसाधारणपणे हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे व्हायला त्याला सहा महिने लागतात. पायाच्या नखाचा वेग याच्या निम्म्याच्या आसपास असल्याने अंगठ्याचे संपूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जाते. मधल्या लांब बोटाचे नख करंगळीच्या नखापेक्षा जलद वाढते, तर न वापरल्या जाणाऱ्या हाताची नखे मंद वाढतात.

बीन यांच्यासारखी खूण भारतातील प्रत्येक मतदाराच्या बोटावर सरकारच करून देते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात तयार होणारी शाई डाव्या तर्जनीवर लावली जाते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट कातडीतील व नखातील प्रथिनांशी संयोग पावून काळे पडते. बोटाच्या कातडीवरचा डाग काही आठवड्यांत जातो, कारण कातडीचा वरचा थर झडून नवा येतो. नखावरचा डाग मात्र जागचा निघत नाही आणि नखाबरोबर पुढे सरकत जातो. २०२४ साली मुंबई, ठाणे, नाशिक, धुळे या भागांत लोकसभेचे मतदान २० मे रोजी झाले आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी झाले. मे महिन्यात बुडाशी लागलेली शाई बहुतेकांच्या नखावरून तोवर कापून गेलेली असणार आणि दुसऱ्या मतदानाला नवेकोरे नख मिळाले असणार. लग्नसमारंभात बोटांच्या टोकांना लावलेली मेंदी हेही असेच एक मापक आहे: नखाच्या बुडाशी रंगहीन चंद्रकोर दिसू लागते आणि ती किती रुंद झाली यावरून लग्नाला किती महिने झाले ते सांगता येते.

या वेगाची सर्वांत विलक्षण साक्ष पुण्याचे श्रीधर चिल्लाळ यांच्या डाव्या हाताने दिली. शाळकरी वयात, १९५२ मध्ये, त्यांनी त्या हाताची नखे कापणे थांबवले आणि २०१८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे ती कापून घेतली, तेव्हा पाच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटीमीटर भरली. एकट्या अंगठ्याचे वेटोळे १९७.८ सेंटीमीटरचे होते. आता ६६ वर्षांनी या आकड्याला भागले तर अंगठ्याची वाढ वर्षाला ३ सेंटीमीटर, महिन्याला अडीच मिलिमीटर इतकी येते. म्हणजे ज्या माणसाने जगात सर्वाधिक निगुतीने नखे जपली, त्याच्या नखाचा वेगही सामान्य माणसापेक्षा तसूभर वाढलेला नव्हता. बीन यांच्या उतारवयातील वेगापेक्षा तो थोडा कमीच होता आणि हात वापरात नसणे हे त्याचे एक कारण असू शकते. त्या हाताची बोटे पुढे मिटेनाशी आणि उघडेनाशी झाली, हेही नोंदवले पाहिजे. सात दिवसांत नखे वाढवून देण्याच्या जाहिरातींचा प्रतिवाद याहून अधिक करण्याची गरज नाही.

नख जर सहा महिन्यांत तयार होते, तर त्याच्या लांबीत त्या सहा महिन्यांचा इतिहास असणार, हे ओघानेच आले. फ्रेंच वैद्य जोसेफ बो यांनी १८४६ मध्ये असे दाखवून दिले की मोठ्या ज्वरात किंवा गंभीर आजारात नखमुळाचे काम काही दिवस मंदावते आणि त्या काळात बनलेला भाग खोलगट राहतो. आजारी माणूस बरा झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी सर्व नखांवर आडवी खाच दिसू लागते ती हीच. तिचे बुडापासूनचे अंतर मोजून आजाराची तारीख अदमासे काढता येते; कोविडच्या साथीनंतरही अशा खाचा अनेकांच्या नखांवर आढळल्या. बोटांची टोके गदेसारखी फुगून नखे घड्याळाच्या काचेसारखी बहिर्वक्र होणे हे फुप्फुसाच्या वा हृदयाच्या जुनाट विकाराचे लक्षण हिप्पोक्रेटिसच्या काळापासून नोंदलेले आहे. दोन हातांच्या तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून धरली असता मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली पाहिजे आणि ती नाहीशी झाली तर शंका घ्यावी, ही सोपी चाचणी दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅम्रॉथ यांनी १९७६ मध्ये मांडली. तीही स्वतःच्या हृदयविकाराच्या काळात आपल्याच बोटांचे निरीक्षण करून मांडली.

आता अन्नाकडे वळता येईल. नखाचे केराटिन घडण्यासाठी प्रथिने, आणि त्यांतही गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात. डाळी-कडधान्यांत ही आम्ले थोडी कमी असतात आणि तृणधान्यांत ती बऱ्यापैकी असतात; धान्यांत लायसिन हे दुसरे आम्ल कमी असते आणि ते कडधान्ये पुरवतात. त्यामुळे ज्वारीच्या भाकरीबरोबर मटकीची उसळ किंवा भाताबरोबर आमटी या जोडीला नखांच्या दृष्टीनेही अर्थ आहे. पोटभर जेवणाऱ्या माणसात केवळ प्रथिनांच्या अभावाने नखे बिघडल्याचे क्वचितच आढळते, त्यामुळे या मुद्द्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. लोहाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची कमतरता हे त्यांतील फार मोठे कारण आहे. लोह कमी पडले की नखे प्रथम पातळ आणि ठिसूळ होतात, मग त्यांची नैसर्गिक कमान जाऊन ती सपाट होतात आणि पुढे चमच्यासारखी खोलगट बनतात. अशा नखावर पाण्याचा थेंब सोडला तर तो ओघळून न जाता तेथेच थांबतो, आणि ही परीक्षा कोणालाही घरी करून पाहता येते. फक्त तान्ह्या मुलांची नखे जन्मतः तशी असू शकतात हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक रक्तक्षयात नख खोलगट होतेच असे नाही, म्हणून नख चांगले दिसते एवढ्यावरून रक्त चांगले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. आहारातील वनस्पतिजन्य लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते आणि चहातील टॅनिनचा अडथळा होतो. या दृष्टीने पोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत उत्तम आणि त्याच पोह्यांबरोबर चहाचा कप घेण्याची रीत वाईट ठरते; चहा तासाभराने घेतला तरी पुष्कळ साधते. बाळंतिणीला दिले जाणारे हळिवाचे लाडू लोहाच्या दृष्टीने खरोखरच उपयुक्त आहेत. ते फक्त बाळंतिणीपुरतेच का राखून ठेवले जातात, हे मात्र समजत नाही. घरातील वाढत्या वयाच्या मुलीला त्यांची गरज तेवढीच असते.

नखांसाठी सर्वाधिक खपणाऱ्या गोळ्या बायोटिनच्या आहेत. बायोटिन हे ब गटातील एक जीवनसत्त्व असून प्रौढ माणसाला त्याची दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या तिप्पट, एवढीच गरज असते आणि ती साध्या आहारातून भागते. घोड्यांच्या व डुकरांच्या खुरांवर त्याचा चांगला परिणाम दिसल्यावरून ते माणसांच्या नखांवर वापरून पाहण्यात आले. त्यातून काही आशादायक निष्कर्ष निघाले खरे, परंतु ते अभ्यास थोड्या रुग्णांवर आणि तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेले होते, त्यामुळे त्यांच्यावर भार टाकणे धोक्याचे आहे. नखांसाठीच्या गोळीत गरजेच्या शेकडो पट बायोटिन असते, आणि ते रक्ताच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करते. हृदयविकाराच्या झटक्यात ज्या ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणी होते तिचे उत्तर बायोटिनमुळे चुकीचे कमी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. थायरॉइडच्या तपासणीतही असाच घोटाळा होतो. ज्यांना या गोळ्या घ्यायच्याच असतील त्यांनी रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे अत्यावश्यक आहे.

पोषक द्रव्य जितके अधिक तितके नख बळकट, या समजुतीला सर्वांत कठोर उत्तर सेलेनियम या मूलद्रव्याने दिलेले आहे, आणि त्याचा अलीकडचा दाखला महाराष्ट्रातच, बुलढाणा जिल्ह्यात मिळाला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अडीचशेहून अधिक लोकांचे केस काही दिवसांतच गळून डोकी तुळतुळीत झाली. आधी पाण्यावर आणि शांपूवर संशय गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरील उपचारासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला आणि बाधितांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले असून जस्त कमी असल्याचे, तसेच हे सेलेनियम रेशनवर आलेल्या परप्रांतीय गव्हातून गेले असल्याचे अनुमान मांडले. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातील जमिनीत सेलेनियम जास्त असल्याचे पूर्वीपासून ज्ञात आहे. एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतील लोकांची नखे विद्रूप होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ही नवी साथ असल्याची भीती पसरली. नखाच्या वेगाचा हिशेब मांडला असता तिच्यात नवे असे काही दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत नखमुळाशी जी खोट निर्माण झाली ती महिन्याला ३ मिलिमीटर या गतीने एप्रिलपर्यंत सुमारे एक सेंटीमीटर पुढे सरकली, आणि अर्धे नख ओलांडल्यावर तेथून पट्टिका सुटू लागली. केसांनी लगेच दिलेली वर्दी नखांनी चार महिन्यांनी दिली, इतकेच.

सेलेनियमचा हा गुण जनावरांत फार पूर्वी दिसला होता. अमेरिकेच्या लष्करी तळावरील वैद्य मॅडिसन यांनी १८५६ मध्ये घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडून खूर गळून पडल्याचे वर्णन करून ठेवले आहे; त्या चराऊ रानात सेलेनियम होते, हे पुढच्या शतकात कळले. चीनमधील हुबेई प्रांताच्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी केस आणि नखे गळण्याची मोठी साथ आली आणि तिचे मूळ सेलेनियमयुक्त दगडी कोळशामुळे दूषित झालेल्या मातीत सापडले. माणसाने दिवसाला जास्तीत जास्त ४०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घ्यावे, ही बरीच वर्षे प्रमाण मानली गेलेली मर्यादा चीनमधील याच अभ्यासांतील नखांच्या व केसांच्या स्थितीवरून ठरवली गेली. सेलेनियम हे रासायनिक कुळाने गंधकाचे भावंड असल्याने अमिनो आम्लात ते गंधकाच्या जागी जाऊन बसते आणि केराटिनच्या जोडण्या कच्च्या राहतात, असा याचा उलगडा केला जातो. विरोधाभास असा की, नखांच्या व केसांच्या पोषणासाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सेलेनियम हा एक घटक असतोच. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरकात उत्पादनातील चुकीने लेबलावर लिहिल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले आणि १० राज्यांतील २०१ लोक आजारी पडले. नखे व केस गमावणारे त्यांत पुष्कळ होते. शरीराला दिवसाला ४०-५० मायक्रोग्रॅम पुरतात अशा द्रव्याच्या बाबतीत ‘थोडे जास्त गेले तर काय बिघडले’ हा हिशेब चालत नाही.

मुळाशी उत्तम घडलेले नखही बाहेर आल्यावर टिकेल की नाही, हे मुख्यतः पाणी ठरवते. नखातून पाणी कातडीपेक्षा कितीतरी जलद आत शिरते आणि तितक्याच जलद बाहेर पडते. भिजले की नखाचे थर फुगतात, सुकले की आकसतात. हा खेळ दिवसातून अनेकदा चालला की थरांना जोडून ठेवणारा चिकटा सैल होतो आणि टोकाशी नखाचे पापुद्रे सुटू लागतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हात जवळून पाहिला तर ही सारी प्रक्रिया एका बोटावर वाचता येते. घासणी धरणाऱ्या तर्जनीचे नख टोकाशी दोन-तीन पापुद्र्यांत उकललेले असते, कड साडीच्या धाग्यात अडकेल इतकी खरबरीत असते; बुडाशी कातडी आणि नख यांच्यामधली बारीक पडद्यासारखी उपत्वचा, जी एरवी ती सांध मोहोरबंद ठेवते, ती झिजून नाहीशी झालेली असते; त्या सांधेत साबणाचे पाणी मुरत राहते, कातडीची घडी सुजून गोल होते, दाबली तर दुखते आणि नखाच्या पृष्ठभागावर एकाखाली एक आडव्या लाटा उमटतात, कारण सुजेचा दाब नखमुळावर पडत असतो. पू झालेल्या तीव्र अवस्थेला आपल्याकडे नखुरडे म्हणतात. सुश्रुताने क्षुद्ररोगांत चिप्य आणि कुनख असे नखांचे दोन विकार सांगितले आहेत, त्यांपैकी चिप्य हा याच जातीचा. कुनख मात्र मार लागून खरखरीत, काळ्या झालेल्या नखाला म्हटले आहे.

बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या कोळणी, हॉटेलांत कपबशा विसळणारी पोरे, रुग्णालयात वारंवार हात धुणाऱ्या परिचारिका आणि पावसाळ्यात भाताच्या लावणीसाठी दिवसदिवस खाचरात उभे राहणारे शेतकरी हे सारे या एकाच विकाराचे धनी आहेत. लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्यांतील बुरशीचा संसर्ग पुढे नखांत शिरतो. या मंडळींना बायोटिनची गोळी देणे ही थट्टा होय. त्यांना हातमोजे हवेत आणि तेही नुसते रबरी नव्हेत, कारण घामाने आतला हात भिजतच राहतो. आत सुती मोजा आणि वर रबरी, अशी जोडी असेल तरच उपयोग होतो. काम संपल्यावर बोटांच्या सांधी कोरड्या पुसाव्यात आणि हात ओलसर असतानाच नखांना व बुडाच्या कातडीला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळावी, म्हणजे मुरलेले थोडे पाणी हळूहळू उडते आणि थर एकदम आकसत नाहीत. स्वस्त असूनही हा उपाय फारसा केला जात नाही, कारण त्याला दिवसातून तीन-चारदा आठवण ठेवावी लागते.

नखे कापण्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीनदा, म्हणजे पाच दिवसांनी एकदा, नखे काढावीत असे सांगितले आहे. पाच दिवसांत नख अर्धा मिलिमीटर वाढते, तेव्हा हा नियम ज्याने घातला त्याला नखे आखूड आणि एकसारखी ठेवायची होती हे उघड आहे. न्हाव्याच्या धोपटीतील नराणी जाऊन घरोघरी नेलकटर आले, पण कोपरे खोलवर कोरण्याची सवय काही गेली नाही. पायाच्या अंगठ्याचे नख सरळ कापावे. कोपरे गोल कोरले की वाढताना ते मांसात रुततात. हातांच्या नखांखालचा मळ पिनेने उकरू नये, कारण नख आणि खालची कातडी यांची पकड तेथे सुटते आणि सुटलेल्या पोकळीत पुन्हा ओल साचते. ब्यूटी पार्लरमध्ये बुडाची उपत्वचा कापून ‘स्वच्छ’ करण्याची जी प्रथा आहे तिचा तर निषेधच केला पाहिजे; जी मोहोर निसर्गाने लावली ती पैसे देऊन फोडून घेण्यासारखा हा प्रकार आहे.

नखे कडक करणाऱ्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असते. ते केराटिनच्या साखळ्यांत जादा जोडण्या निर्माण करते, त्यामुळे पहिले काही दिवस नख खरोखर टणक लागते आणि नंतर लवचीकपणा गमावल्याने काचेसारखे तडकते. वात्स्यायनाने मऊपणा गुणांत धरला होता, त्यामागचे शहाणपण येथे पटते. जेल आणि ॲक्रिलिकच्या कृत्रिम नखांत धोका वेगळा असतो. ती काढताना घासून घासून मूळ नख पातळ केले जाते, आणि त्यांतील ॲक्रिलेट द्रव्यांची काहींना कायमची ॲलर्जी जडते. याच कुळातील द्रव्ये दातांच्या भरणीत आणि सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटमध्येही वापरली जातात, म्हणून तिशीतल्या हौसेचा हिशेब साठीत द्यावा लागू शकतो. साध्या नेलपॉलिशबद्दल फार तक्रार करता येत नाही, फक्त ते काढण्याचे ॲसिटोन आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा वापरू नये.

काही खुणा मात्र घरगुती उपायांच्या पलीकडच्या असतात. पिवळट, जाड, भुसभुशीत झालेले नख बुरशीचे असू शकते, पण सोरायसिसमध्येही नख तसेच दिसते. म्हणून नखाचा कीस तपासून निदान पक्के केल्यावरच औषध सुरू व्हावे. हे औषध हाताच्या नखांसाठी साधारण सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे चालते, आणि औषध संपल्यावरही नवे नख टोकाला येईपर्यंत वाट पाहावी लागते. गडद वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेषा असणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी आणि बुडाच्या कातडीवरही रंग पसरवणारी काळी रेषा त्वचेच्या कर्करोगाची असू शकते, आणि तिच्या बाबतीत वाट पाहणे घातक ठरते.

हातमोजांचा प्रश्न हा केवळ वैयक्तिक काळजीचा राहत नाही. ज्या घरात मोलकरीण भांडी घासते त्या घराने साबणाबरोबर हातमोजांची जोडीही आणून ठेवावी आणि ती फाटली की बदलावी; हॉटेलमालकांनी आणि मासळी-प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांनी तो खर्च मजुरीतून न कापता आपल्याकडे घ्यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. आणि ज्यांची नखे पातळ झाली आहेत, तुटत आहेत किंवा खोलगट होत आहेत त्यांनी गोळ्यांची बाटली विकत घेण्याआधी आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते आणि लोहाच्या गोळ्याही तेथेच मिळतात.